एका बांधाची दोन वावरं: सेंद्रिय वांगी, रासायनिक वांगी आणि मातीचे दोन रिपोर्ट

अमळनेर तालुक्यात बोरी नदीच्या अंगाला एक गाव आहे, नाव मुद्दाम देत नाही कारण दोन्ही घरं ओळखीची आहेत आणि दोघांनाही वाटतं की मी दुसऱ्याच्या बाजूने आहे. सख्खे भाऊ. वाटणी झाली तेव्हा एकाच वावराच्या मधोमध बांध पडला, अलीकडचं आबांना आलं, पलीकडचं जिभाऊंना. माती एकच, काळी, खोल, खाली चुनखडी, विहीर सामायिक, पाण्याची पाळी ठरलेली. फरक एवढाच की आबा पहिल्यापासून गोणीच्या म्हणजे रासायनिक खतावर आहेत आणि जिभाऊंनी पाच-सहा वर्षांपासून गोणी बंद केलीय, शेणखत, कोंबडीखत, जीवामृत, निंबोळी अर्क एवढ्यावरच चाललंय. दोघंही भरीताची वांगी लावतात, ती हिरवी, पांढरट पट्ट्यांची, मोठी, ज्यांना जळगावच्या नावाने २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं.

आता असं प्रकरण मिळणं अवघड असतं. सेंद्रिय विरुद्ध रासायनिक ही भांडणं आपण रोज ऐकतो, पण एकाची माती भालोदची, दुसऱ्याची साक्रीच्या डोंगराकडची, मग तुलना कसली करणार? इथं बांध सोडला तर सगळं सारखं आहे. म्हणून हे सगळं सविस्तर लिहून काढतोय. गटातल्या शेतकऱ्यांचे माती रिपोर्ट वाचून देणं हे माझं रोजचं काम, पण या दोन कागदांनी मलाही बसून हिशोब करायला लावला.

तक्रार काय होती ते आधी. लागवड दोघांची जुलैत, रोपं एकाच नर्सरीतली. ऑगस्टअखेर जिभाऊंचं वावर बांधावरूनच ओळखू यायचं, झाडं बुटकी, खालची पानं पिवळी, आणि पिवळेपणा खालून वर सरकत चाललेला. आबांचं वावर काळंभोर हिरवं. गावात चर्चा सुरू, शेणखतात दम नाही, आता जिभाऊ गोणी उघडतील, वगैरे. जिभाऊंची फळं दिवाळीनंतरच्या पहिल्या चांगल्या भावाला आलीच नाहीत, आणि भरीताच्या वांग्याचा खरा पैसा तर थंडी पडायला लागली की असतो, गावोगाव मळ्यात भरीत पार्ट्या लागतात तेव्हा. मग गंमत अशी झाली की नोव्हेंबर उजाडता उजाडता जिभाऊंचं वावर आपोआप हिरवं व्हायला लागलं, काही न घालता. आणि डिसेंबरात आबांचं बिघडलं. नवीन पानं बारीक, शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळट, शेंडा आखूड, शिवाय शेंडे आणि फळं पोखरणारी अळी त्यांच्याकडे बरीच जास्त. म्हणजे सिझनभर कोणीतरी एक भाऊ दुसऱ्याला हसत होता, फक्त पाळी बदलली.

वांगी निघाल्यावर उन्हाळ्यात दोघांनी माती तपासली. दोघांनी वेगवेगळी, वेगवेगळ्या लॅबला, आणि दोन्ही नमुने चुकीचे घेतलेले. आबांच्या पोराने माती भरून आणली ती युरियाच्या रिकाम्या गोणीत, त्यातले दोन-चार दाणे शिवणीत अडकलेले तर मला डोळ्याने दिसत होते. जिभाऊंनी माती घेतली ती बांधाच्या कोपऱ्यातून, जिथे दरवर्षी शेणखताच्या ट्रॉल्या रिकाम्या होतात, त्यांच्या रिपोर्टला सेंद्रिय कर्ब (कार्बन) आला १.६ टक्के, आणि तो कागद ते मोबाईलमध्ये फोटो काढून सगळ्यांना दाखवत होते. खान्देशात मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो, भाजीपाल्याच्या उघड्या वावरात १.६ कर्ब म्हणजे एक तर चमत्कार नाहीतर उकिरडा. त्यात एका लॅबने स्फुरद (फॉस्फरस) मूलद्रव्य म्हणून लिहिलेलं आणि दुसऱ्याने ऑक्साईड म्हणून, या दोन आकड्यांत सव्वादोन पटीहून जास्तीचा फरक पडतो, म्हणून आबांना वाटत होतं जिभाऊंकडे दुप्पट स्फुरद आहे. हे कागद बाजूला ठेवून नव्याने नमुने घ्यायचं ठरलं.

नमुना कसा घेतला ते सांगतो कारण निम्मी गडबड इथेच होते. बांध, विहिरीचा काठ, झाडाची सावली, खत पडलेली जागा हे सगळं सोडून नागमोडी चालत जायचं, प्रत्येक जागी वरचा पालापाचोळा हाताने बाजूला करून इंग्रजी व्ही आकाराचा खड्डा, साधारण वीतभर म्हणजे १५ ते २० सेंटीमीटर, आणि खड्ड्याच्या कडेची वरपासून खालपर्यंत बोटभर जाडीची माती तासून घ्यायची. सगळ्या खड्ड्यांची माती स्वच्छ ताडपत्रीवर एकत्र करायची, ढीग सपाट करून त्याचे चार भाग, समोरासमोरचे दोन फेकायचे, उरलेले पुन्हा मिसळायचे, असं करत करत अर्धा किलो उरेपर्यंत. सावलीत सुकवायची, उन्हात नाही. आबांच्या वावरात खड्डा करताना कुदळ ठण्ण वाजत होती, डिखळं निघत होती वीट फोडल्यासारखी. पलीकडे माती भुसभुशीत, हातात घेतली तर रवाळ, गांडुळाच्या विष्ठेच्या गोळ्या दिसत होत्या.

तिथेच एक साधा प्रयोग केला. चहाचे काचेचे दोन ग्लास घेतले, पाणी भरलं, दोन्हीकडचं सुकलेलं एकेक सुपारीएवढं ढेकूळ चहाच्या गाळणीत ठेवून हळूच पाण्यात सोडलं. आबांचं ढेकूळ बघता बघता विरघळलं, ग्लास गढूळ, खाली चिखलाचा थर. जिभाऊंचं ढेकूळ बुडबुडे सोडत बसलं पण फुटलं नाही, चहा होऊन तो पिऊन झाला तरी तसंच होतं. आबा बराच वेळ काही बोलले नाहीत, मग त्यांनी विचारलं ते अगदी मुद्द्याचं होतं, 'माटी चांगली शे मानं, पण मंग त्यानी वांगी पिवळी का पडनी?' या प्रश्नाचं उत्तर ढेकळात नाहीये. मातीची बांधणी चांगली असणं आणि पिकाला हव्या त्या आठवड्यात नत्र (नायट्रोजन) मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि सेंद्रियवाले बऱ्याचदा पहिली दाखवून दुसरी गृहीत धरतात.

आता रिपोर्ट. दोन्ही नमुने एकाच लॅबला, एकाच दिवशी.

सामू (पीएच) दोघांचाही ८.३ च्या जवळपास, म्हणजे अल्कधर्मी, चुनखडीच्या जमिनीत असतोच. पालाश (पोटॅश) दोघांकडे जास्त, काळ्या जमिनीत चिकणमातीतच पालाश भरपूर असतं त्यामुळे त्यात कोणाचंच कर्तृत्व नाही. सेंद्रिय कर्ब आबांचा ०.३८, जिभाऊंचा ०.८२. साधारण ०.५ च्या खाली कमी आणि ०.७५ च्या वर जास्त धरतात, म्हणजे इथे जिभाऊ सरळ जिंकले, उकिरड्याचा नमुना काढून टाकला तरीही जिंकले. उपलब्ध नत्र आबांचं 'कमी', जिभाऊंचं 'मध्यम'. जस्त (झिंक) आबांचं ०.६ पीपीएमच्या (दहा लाखात ०.६ भाग) खाली, म्हणजे कमतरता, जिभाऊंचं बऱ्यापैकी वर. आणि स्फुरद, हा या प्रकरणाचा गाभा आहे, दोघांचंही 'खूप जास्त'. हेक्टरी २५ किलोच्या वर गेलं की जास्त म्हणतात, आबांचं ६० च्या पुढे, जिभाऊंचं तर ८० च्या पुढे.

आबा नत्रावरच अडकले. एवढा युरिया घातला आणि कागद म्हणतो नत्र कमी, म्हणजे लॅबवाले झोपेत तपासतात का? नाही. रिपोर्टमधलं 'उपलब्ध नत्र' म्हणजे तुम्ही टाकलेला युरिया नव्हे. लॅबमध्ये अल्कधर्मी परमँगनेटने माती उकळून जो नत्र सहज सुटतो तो मोजतात, आणि तो बहुतेक सेंद्रिय पदार्थात बांधलेला असतो, म्हणून तो आकडा कर्बाच्या मागे मागे चालतो. कित्येक लॅबमध्ये तर नत्र वेगळं मोजतच नाहीत, कर्बावरून अंदाज धरून लिहून टाकतात. कर्ब ०.३८ असेल तर नत्र कमीच येणार, तुम्ही चार गोण्या टाका नाहीतर आठ टाका. युरियाचं नत्र मातीत साठून राहतच नाही, पीक घेतं ते घेतं, बाकीचं ८.३ सामूच्या मातीवर फोकून टाकलं की अमोनिया होऊन हवेत, आणि मोकाट पाणी दिलं की नायट्रेट होऊन खाली. म्हणून रिपोर्टात नत्र कमी दिसलं की लगेच युरियाचा डोस वाढवायचा हे जे चालतं ना, ते बंद व्हायला पाहिजे, कारण तो आकडा युरिया कमी पडला असं सांगत नाहीये, मातीतला साठा कमी आहे असं सांगतोय.

मग मी दोघांना वर्षभरात काय काय घातलं ते लिहून द्यायला लावलं. आबांकडे दुकानाची बिलं होती, जिभाऊंकडे ट्रॉल्यांचा हिशोब डोक्यात. एकरी धरून मांडतो.

आबांनी डीएपीच्या तीन गोण्या, १०:२६:२६ च्या (हे आकडे नत्र, स्फुरद, पालाश यांचे टक्के) दोन, युरियाच्या चार. डीएपीच्या ५० किलोत ९ किलो नत्र आणि २३ किलो स्फुरद, तीन गोण्या म्हणजे २७ आणि ६९. १०:२६:२६ च्या दोन गोण्या म्हणजे १० किलो नत्र, २६ स्फुरद. युरिया ४५ किलोची गोणी, ४६ टक्के, म्हणजे पावणेएकवीस किलो नत्र, चार गोण्यांचे ८३. बेरीज: नत्र १२० किलो, स्फुरद ९५ किलो.

जिभाऊंनी शेणखत चार ट्रॉल्या, दहा टन धरू, आणि कोंबडीखत दोन ट्रॉल्या, तीन टन धरू. शेणखतात अर्धा टक्का नत्र आणि ०.२ टक्के स्फुरद धरलं तर ५० किलो नत्र, २० किलो स्फुरद. कोंबडीखतात साधारण ३ टक्के नत्र आणि अडीच-पावणेतीन टक्के स्फुरद, म्हणजे ९० किलो नत्र आणि ७८ किलो स्फुरद. बेरीज: नत्र १४० किलो, स्फुरद ९८ किलो.

हा कागद दोघांसमोर ठेवला तेव्हा खरी मजा आली. पाच-सहा वर्षं जे दोघं भाऊ एकमेकांच्या पद्धतीला नावं ठेवत होते त्यांनी एकमेकांना न विचारता जवळपास तेवढंच स्फुरद घातलं होतं, आणि कागदावरचं नत्र तर सेंद्रियवाल्या जिभाऊंचं जास्त निघालं! वांग्याला शिफारस धरली तरी एकरी नत्र ६० किलोच्या आसपास आणि स्फुरद २०-३० किलो, आणि पीक प्रत्यक्षात उचलतं ते स्फुरद नत्राच्या मानाने खूपच कमी. म्हणजे दरवर्षी दोन्हीकडे स्फुरदाची शिल्लक पडतेय. नत्र उडून जातं, वाहून जातं, स्फुरद कुठे जात नाही, ते चुन्याला धरून बसतं. डीएपीने आलं काय आणि कोंबडीखताने आलं काय, चुन्याला त्याचं काही नाही.

जिभाऊंना हे पचायला वेळ लागला. सेंद्रिय म्हणजे जास्त झालं तरी अपाय नाही, हा समज आपल्याकडे फार घट्ट आहे. पण खताच्या नत्रावर नजर ठेवून शेणखत-कोंबडीखत घालत गेलं की स्फुरद पिकाच्या गरजेच्या कितीतरी पुढे जातं, कारण खतात नत्र आणि स्फुरद ज्या प्रमाणात असतात त्या प्रमाणात पीक ते मागतच नाही. जिथे जिथे वर्षानुवर्षं भरपूर जनावरांचं खत पडतं तिथे हे होतं, फक्त आपल्या जिभाऊंचं नाही.

आता पिवळ्या पानांकडे वळू. १४० किलो नत्र घालून झाड उपाशी कसं राहिलं?

तीन गोष्टी एकत्र आल्या. पहिली, कोंबडीखत आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) आसपास वावरात फोकलं आणि पाऊस येईपर्यंत तसंच वर पडू दिलं. ट्रॉली रिकामी करताना डोळ्याला झोंबतो ना तो वास, तो वास म्हणजे नत्रच उडतंय. आखाजी ते जुलैची लागवड, मधे मे महिन्याचं ऊन, मातीत मिसळलेलं नाही, त्यातलं किती उरलं असेल हे तुम्हीच धरा. स्फुरद मात्र उडत नाही, ते पूर्ण जमा. दुसरी, शेणखताच्या नत्रातला साधारण तिसरा हिस्साच पहिल्या पिकाला मिळतो, म्हणजे ५० मधले १६-१७ किलो, बाकीचा पुढच्या वर्षांसाठी. तिसरी, आणि माझ्या मते सगळ्यात मोठी, जिभाऊंनी आदल्या कपाशीच्या पऱ्हाट्या श्रेडर मारून रोटाव्हेटरने मातीत गाडल्या होत्या, वरून शेणखतही कच्चंच. पऱ्हाटी जाळली नाही हे उत्तमच केलं, पण पऱ्हाटीत कर्ब भरपूर आणि नत्र अगदी थोडं, कर्ब-नत्राचं गुणोत्तर ५० च्या आसपास किंवा वरच. २५-३० च्या वर गेलं की कुजवणारे जिवाणू स्वतःचं पोट भरायला मातीतलंच नत्र ओढून घेतात. पऱ्हाटी कुजेपर्यंत जिवाणू आधी जेवले आणि वांगी पंगतीत शेवटी बसली. पऱ्हाटी कुजली, जिवाणू मेले, त्यांच्यात अडकलेलं नत्र सुटलं आणि नोव्हेंबरात झाडं काळीभोर हिरवी झाली. खालची पानं आधी पिवळी होणं हीही नत्राचीच खूण आहे, कारण नत्र झाडात हलतं, जुन्या पानातून काढून नव्याला देतं.

म्हणजे जिभाऊंच्या मातीत नत्र नव्हतं असं नाही, ऑगस्टात नव्हतं.

जीवामृताबद्दल बोलल्याशिवाय हे प्रकरण पुरं होत नाही कारण जिभाऊंचा सगळा भरवसा त्यावर. मी त्यांना फक्त गणित करून दाखवलं. २०० लिटरच्या टाकीत १० किलो शेण, १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन. ताज्या शेणात नत्र ०.३-०.४ टक्के धरा, ३०-४० ग्रॅम झालं. गोमूत्रात १ टक्का धरा, १०० ग्रॅम. बेसनात प्रथिनं असतात, त्यातून ७० ग्रॅम. सगळं मिळून २०० ग्रॅमच्या जवळपास, आणि एक किलो युरियात ४६० ग्रॅम असतं. म्हणजे एकराला दिलेली अख्खी टाकी अर्धा किलो युरियाच्या बरोबरीची. जीवामृतवाले म्हणतात ते खत नाहीच, जिवाणूंचं विरजण आहे, ठीक, मी त्यावर वाद घालत नाही, पण मग विरजणाला दूध कुठेतरी लागेल ना! पिवळं पडलं की टाकी वाढवायची हा उपाय होत नाही.

आबांच्या डिसेंबरचं उत्तर त्यामानाने सोपं. सामू ८.३, चुना, कर्ब कमी, आणि वर्षानुवर्षं स्फुरदाचा ढीग, या चारही गोष्टी जस्ताला पिकापासून लांब ठेवतात. जिभाऊंचं स्फुरद त्यांच्यापेक्षा जास्त असूनही जस्त बरं राहिलं, कारण शेणखत-कोंबडीखतातून थोडं जस्त येतंच आणि सेंद्रिय पदार्थ ते विद्राव्य रूपात धरून ठेवतो. आबांना दुकानातून काय सांगितलं होतं तर बारीक पानं म्हणजे व्हायरस, आणि दोन महागड्या बाटल्या दिल्या. वांग्यात पानं बारीक होणारा पर्णगुच्छ रोग असतो हे खरं, पण त्यात एखाद-दुसरं झाड झुडपासारखं होतं आणि फळच धरत नाही, इथे अख्खं वावर सारखं होतं. अळी जास्त का, तर १२० किलो नत्रावर वाढलेला कोवळा लुसलुशीत शेंडा अळीला आवडणारच, हे मात्र एकट्या नत्रामुळे झालं असं मी म्हणणार नाही, फवारणीच्या वेळाही चुकल्या होत्या.

सल्ला दोघांना दिला, आणि दोघांनीही अर्धाच मानला.

आबांना: डीएपी आणि १०:२६:२६ दोन वर्षं पूर्ण बंद, स्फुरद मातीतच आहे, फार तर स्फुरद विरघळवणारे जिवाणू रोपांच्या मुळांना लावा, स्वस्तात होतं. डीएपीची गोणी साडेतेराशेला, तीन गोण्यांचे चार हजार पन्नास सरळ वाचतात. त्यातून झिंक सल्फेट एकरी दहा किलो, शेणखतात मुरवून द्यायचं, कोणत्याही स्फुरदाच्या खतात मिसळायचं नाही. नत्र निम्म्यावर आणा, चार-पाच हप्त्यांत ठिबकमधून, फोकून नाही. आणि वांग्याआधी हिरवळीचं खत म्हणून ताग किंवा धैंचा, फुलावर यायच्या सुमारास गाडायचा. आबांनी झिंक घेतलं, ठिबकमधून हप्ते केले, पण डीएपीची एक गोणी लागवडीला टाकलीच. म्हणाले, 'पहिली गोणी नही टाकी ते रोप उठत नही.' तीस वर्षांची सवय एका कागदाने जात नाही, आणि खरं सांगायचं तर तीनच्या जागी एक आली हेही मला पुष्कळ वाटलं.

जिभाऊंना: कोंबडीखत दोन-तीन वर्षं बंद. त्यांचा लगेच प्रश्न, मग नत्र आणू कुठून? हाच सेंद्रिय भाजीपाल्याचा खरा प्रश्न आहे, स्फुरद न आणता नत्र कुठून आणायचं. उत्तर द्विदल पिकात आहे. ताग, धैंचा, चवळी, मूग यांच्या मुळांवरच्या गाठीतले जिवाणू हवेतलं नत्र बांधतात, हवेत स्फुरद नसतं, त्यामुळे शिल्लक वाढत नाही. त्यावर हप्त्याने निंबोळी पेंड, तिच्यात ५ टक्क्यांच्या आसपास नत्र आणि स्फुरद १ टक्का, २०० किलोत १० किलो नत्र मिळालं, एक हप्ता लागवडीला आणि एक फुलोऱ्याच्या आधी. शेणखत कच्चं नको, आदल्या वर्षीचं मुरलेलंच, लागवडीच्या दोन-तीन आठवडे आधी आणि त्याच दिवशी मातीत मिसळायचं. पऱ्हाटी गाडायची असेल तर भाजीपाल्याच्या आधी नाही, नाहीतर खड्ड्यात शेणकाला आणि कुजवणाऱ्या जिवाणूंचं कल्चर टाकून वेगळी कुजवा, किंवा झाडांच्या ओळीत वरून आच्छादन म्हणून पसरा, वर पडलेली पऱ्हाटी मातीतलं नत्र फारसं ओढत नाही. जिभाऊंनी ताग केला, पेंड घेतली, पण कोंबडीखताची एक ट्रॉली आधीच बोलून ठेवलेली होती ती आलीच, ती मात्र त्यांनी त्याच संध्याकाळी वखराने मातीत घातली. त्यांना पुढे प्रमाणपत्र काढायचंय, तिथे हंगामी पिकाला दोन वर्षांचा रूपांतराचा काळ धरतात आणि पोल्ट्रीच्या खताला अटीही असतात, त्यामुळे ती ट्रॉली तशीही सुटणार आहे.

पुढच्या सिझनला काय झालं? जिभाऊंची झाडं ऑगस्टात पिवळी पडली नाहीत, आबांच्या बरोबरीने नाही पण आठ-दहा दिवस मागे एवढंच, आणि पहिला माल भावात सापडला. आबांची पानं डिसेंबरात बारीक झाली नाहीत. पण पावसाचं मानही वेगळं होतं, आदल्या वर्षी ऑगस्टात वावरात पाणी साचलं होतं, त्यानेही नत्र गेलं असणार, म्हणून सगळं श्रेय आपल्या सल्ल्याला मी देत नाही. नव्या रिपोर्टमध्ये स्फुरद जवळपास तिथेच आहे दोघांचं, आणि ते तसंच राहणार, ढीग चढायला जशी वर्षं गेली तशी उतरायलाही जातील.

आबांचा कर्ब जागचा हलला नाही आणि ते त्यावर नाराज आहेत. त्यांना एक हिशोब सांगितला तो इथेही सांगतो. एकराची वीतभर थराची माती नऊ-दहा लाख किलो भरते. कर्ब ०.१ टक्क्याने वाढवायचा म्हणजे तिच्यात नऊशे-हजार किलो कर्ब टिकला पाहिजे, घातला नाही, टिकला. दहा टन शेणखतात निम्मं पाणी, उरलेल्यात कर्ब दीड टनाच्या आसपास, आणि आपल्याकडच्या उन्हात त्यातला बहुतेक वर्षभरात कुजून हवेत जातो. एका तागाच्या पिकाने आकडा हलेल अशी अपेक्षाच चूक. जिभाऊंना ०.८२ ला यायला पाच-सहा वर्षं आणि दरवर्षीच्या सहा ट्रॉल्या लागल्या, आणि आबांकडे जनावरं दोनच.

आता राहिलं वावराचं खालचं टोक. तिथे दोघांचीही वांगी पिवळी पडतात, पण वेगळी, अगदी कोवळी पानं पांढरट पिवळी आणि शिरा हिरव्या, म्हणजे लोहाची कमतरता. चुनखडी तिथे हातभर खोलीवर लागते, पाण्यातही बायकार्बोनेट जास्त आहे. लोह मातीत आहे पण चुन्यामुळे मुळांना घेता येत नाही, सेंद्रिय असो की रासायनिक. फेरस सल्फेट अर्धा टक्का, थोडा लिंबाचा रस घालून फवारलं की पानं आठवड्यात हिरवी होतात, पण नवीन पानं पुन्हा तशीच येतात, आणि एवढा चुना जमिनीतून काढता येत नाही. मी दोघांनाही सांगितलं त्या पट्ट्यात वांगं लावू नका. जिभाऊंनी तिथे शेवगा लावलाय. आबा म्हणतात एवढ्या पट्ट्यापुरतं वेगळं पीक कोण सांभाळणार, या वर्षीही वांगीच लावणार आहेत.